कोंबडीचा नकार

हाप्सालूच्या टपाल कचेरीत, मार्चमध्ये,
समुद्र अजून गोठलेला असताना,
एंडेल टाम्मनं काउंटरवर ठेवलं
बुटांच्या खोक्यात बसवलेलं यंत्र
आणि म्हणाला, 'कॅनडाला.'

अकरा दातेरी चाकं. दोन शिवणयंत्राची,
एक त्या बंद पडलेल्या रेडिओ कारखान्यातलं
जिथं त्यानं एकतीस वर्षं
फक्त कामाच्याच वस्तू बनवल्या.
दांडा फिरवला की चाक चाकाला सांगतं,
ते पुढच्याला, कानगोष्टीसारखं,
दोरी ताणते, चमचा कलतो,
गोटी घरंगळते, तिला कसली घाई नाही,
आणि एवढ्या खटाटोपानंतर
लाकडी कोंबडी मान वर काढते,
समोरच्या अंड्याकडे बघते,
मान हलवते: छे, माझं नव्हे.

बस्स. एवढंच.

वाइके रेबानेनं (आडनावाचा अर्थ तिकडे कोल्हा)
फॉर्म पुढं ओढला.
वजन सातशे ग्रॅम. किंमत?
'पाच युरो लिहा. गोंदाचे.'
उपयोग?
'नाही.'
'हा रकाना रिकामा चालत नाही.'
'मग लिहा, उपयोग नाही.'
संगणकाला तेही पटेना.
लाल अक्षरांत तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला,
लग्नाच्या पंगतीत गाठणाऱ्या काकांसारखा:
सध्या काय करतोस? सध्या काय करतोस?

रांगेत मी तिसरा. माझ्या मागं एक बाई,
नातवाला पाठवायचे लोकरी मोजे घेऊन.
कुणीतरी घड्याळ बघितलं, घसा खाकरला.
वाइकेनं, का कोण जाणे, दांडा फिरवला.
मग आणखी एकदा.
तिसऱ्या खेपेला तर अंडं जरा पुढं सरकवलं,
कोंबडीला मोह पडतो का बघायला.
छे.
मोजेवालीला इतकं हसू आलं
की भिंत धरावी लागली.

मी घरची किटली आठवत होतो.
रोज उकळते बिचारी,
आणि मी खिडकीबाहेर बघत असतो.

शेवटी वाइकेनं टाइप केलं: शेतीचं अवजार.
संगणक गप्प झाला. शिक्का बसला.
एंडेल टोपी घालून निघाला, दारातून परत आला,
खोक्याला कान लावला, पुटपुटला,
'नवव्या चाकाला तेल हवं होतं.'
मग माझ्याकडं वळून, जणू मीच तक्रार केली होती:
'तशी ती हो म्हणते कधीकधी.
हजारात एखाद्या वेळी.
का म्हणते, ते मला अजून सापडलेलं नाही.'