मुसा बुलंजे, गोलंदाज

आडनाव सांगितलं की समोरचा पेन थांबतो.
"बुलंजे? जुन्नरकडचे का?"
गॅस एजन्सीत, बँकेत, स्थळं सुचवणाऱ्या बाईंकडे
मी बरीच वर्षं हो म्हणून टाकलं.
जुन्नरला एकदाच गेलेय, शाळेच्या सहलीला,
आणि बसमध्ये उलटी झाली होती.

पपा तेवढंही सांगत नाहीत.
"नाना पेठ," म्हणतात. "क्वार्टर गेटच्या अलीकडे."
अलीकडे म्हणजे कुठून आल्यावर,
हे त्यांना कुणी विचारत नाही.
तेहतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
गोळ्यांची टोपणं मापली त्यांनी,
केसभर चुकलेलं बाजूला काढलं,
आणि रविवारी सिटी चर्चमध्ये
डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसले.

ठोसरबाई मोडी वाचतात.
दफ्तरातल्या एका कागदाचा फोटो घेऊन आल्या,
चष्मा कपाळावर ढकलला
आणि ओळीवरून बोट न टेकवता सरकत गेल्या:
"मुसा बुलांजे, गोलंदाज. दरमहा रुपये साठ.
पैकी पावले चाळीस. बाकी"
पुढे कसर लागलेली.

मुसा म्हणजे मुसलमान होता का, मी विचारलं.
"छे हो. मस्यू. त्यांच्यातलं साहेब.
कारकुनाच्या कानात जेवढं शिरलं तेवढं कागदावर आलं.
आणि बुलांजे म्हणजे पाव भाजणारा."

मला हसू फुटलं.
आमच्या सात पिढ्यांत कुणाला
साधी खारी जमलेली नाही.
माझा केक तर ख्रिसमसला शेजारीसुद्धा
नको म्हणतात, प्रेमानं.

असेल कुणी. समुद्राजवळच्या एखाद्या गावात
भट्टीवाल्याचा तिसरा मुलगा.
भट्टी थोरल्याला गेली, पिठाचं पोतं मधल्याला,
याला मिळालं फक्त नाव.
ते घेऊन जहाजावर चढला,
पाँडिचेरीला उतरला, तिथून पळाला,
पगार जास्त म्हणून की कर्ज झालं म्हणून.
आच कळत होती त्याला.
दार कधी उघडायचं, किती मागं सरायचं.
तोफेला तरी आणखी काय लागतं?

हे मी रचतेय.
कागदात यातलं काहीच नाही,
कागदात फक्त साठ आणि चाळीस.

त्याच्या बायकोचं नावही नाही त्यात.
पण ती इथलीच असणार.
संध्याकाळी पोराला हाका मारताना,
एका हातात परात, दुसऱ्या हातानं कोंबड्या हाकलत,
तो लांबट लां तिला जड गेला असेल.
तिनंच तो तोडला, बसका केला,
तोंडात मावेल असा.
म्हणजे निम्मं आडनाव तिचं.
ठोसरबाईंना म्हटलं, याला पुरावा नाही.
त्या म्हणाल्या, याला पुरावा कशाला?

इनास ल्यों शहरात शिकायला आहे.
तिथं खिडकीतल्या बाईनं तिचा पासपोर्ट उलटसुलट केला,
"बु-लं-जे," अक्षर अक्षर चाचपत म्हणाली,
"छान आहे. भारतीय नाव ना?"
"हो," इनास म्हणाली, "पुण्याचं."
बाहेर पडली तर कोपऱ्यावर पावाचं दुकान
आणि पाटीवर आम्ही सगळे.
फोटो पाठवला तिनं. खाली लिहिलं,
आई, इथं आपली खूप दुकानं आहेत,
पण पैसे घेतात.

पपांना दाखवलं सगळं, फोटो आणि कागद.
चहात बटर बुडवून ते बराच वेळ बघत राहिले.
बटर तुटून कपात पडलं. त्यांनी चमचा मागितला.
"साठातून चाळीस गेले वीस," म्हणाले,
"कसरीनं खाल्लं म्हणून हिशेब बुडतो का?"
मग लाइटबिलाच्या पाठीवर
दोनशे आणि वर काही वर्षं मांडली,
जीभ दातांत धरून, हातचे घेत.

रात्री अकरापर्यंत दिवा चालू होता.
व्याज सरळ धरायचं की चक्रवाढ,
तिथं अडलेत.