म्हेत्रे साउंड

दोन कर्णे, एक अँप्लिफायर, चार माइक, त्यातला एक मुका.
एकवीस वर्षं झाली.
अशोक चौकात, साखर पेठेत, कुंभारीच्या विडी घरकुलात
खांबाला कर्णा बांधतो आणि वरूनच ओरडतो,
आवाज येलालाय का बे?
पोरगं शेवटच्या खुर्चीवरनं हात हलवतं.
येतो म्हणजे पोचतो असं नाही,
हे मला फार उशिरा कळलं.

माणूस माइककडं कसा चालत येतो
त्यावरनं मी बटण फिरवतो.
खोकून सुरू करणारा हमखास वर चढतो.
दोनच मिनिटं घेईन म्हणणाऱ्यासाठी
मी पाण्याची बाटली आधीच भरून ठेवतो.
एकजण तर तेलुगू लिहून घेऊन आला, देवनागरीत.
अंदरिकी नमस्कारम् म्हणाला.
बाया हसल्या. त्याला वाटलं, जिंकलं.
पहिल्या रांगेत येल्लम्मा गुंडेटीनं
तोवर कात्री परत उचलली होती.

इथल्या सभेत हात रिकामे नसतात.
मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू, दोरा,
दिवस मावळायच्या आत हजार.
कारखान्यात रोज कुणीतरी त्यांच्या विड्या छाटतो,
ही सैल, ही वाकडी, ही फेक.
इथं बसून त्या बोलणाऱ्याला छाटतात.

आणि मागं भिंतीला टेकून म्हातारे,
तीस-तीस वर्षं यंत्रमागापाशी काढलेले.
खटखटीनं कान खाल्ले, आता ओठ बघून ऐकतात.
त्यांच्यापुढं माझा अँप्लिफायर म्हणजे नुसता डबा.
खोटं बोलताना ओठ काय करतात
ते त्यांना आपल्याआधी दिसतं, काय की.

मे महिना. पंख्याचा वारा तव्यावरनं आल्यासारखा.
पीएफच्या ऑफिसातनं एक बाई आल्या, प्रज्ञा बनसोडे,
वय सव्वीस असेल. बरं बोलल्या.
बरं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत.
मग येल्लम्मा उठली, सूप खाली ठेवून.
माझ्या कार्डावर यलम्मा, बँकेत येल्लम्मा,
आधारवर एलमा.
पेन्शन या तिघींपैकी कुणाची?

अशा वेळी आजवर सगळे एकच बोलले,
अर्ज करा, आम्ही सकारात्मक आहोत.
बाईंनी तोंड उघडलं.
भिंतीचे म्हातारे पुढं झुकले.

मला माहीत नाही, बाई म्हणाल्या.

दोन्ही कर्ण्यांनी ते घेतलं,
पाण्याच्या टाकीवर आपटून परत आणलं,
माहीत नाही, नाही.
माझ्या कर्ण्यांतनं हे वाक्य कधी गेलंच नव्हतं.
बटणावरचा हात तसाच राहिला.
बुधवारी सांगते, चार वाजता, तुमच्या दारात.
आयोजकानं घाईघाईनं शाल पुढं केली.

बुधवारी मला कुणी बोलावलं नव्हतं.
मी राहिलेली वायर न्यायला गेलो होतो,
असं घरी सांगितलं.
चार वाजून दहा मिनिटांनी रिक्षा आली.
उशीर झाला, म्हणाल्या, आणि उंबऱ्यावरच बसल्या.
उत्तरही अर्धंच आणलेलं.
दोन नावं जुळतात, तिसऱ्याला शपथपत्र लागेल,
त्याला पैसे किती, ते अजून विचारायचंय.
एवढ्या हळू, की मला रस्त्यावरनं ऐकू येईना.
येल्लम्माची कात्री सुपाखाली.
नरसय्या चिप्पा, ठार बहिरे, गर्दीतनं वाट काढत आले,
पुन्हा सांग, म्हणाले, सगळी गल्ली दणाणेल एवढ्यानं.
बाईंनी त्यांच्याकडं तोंड वळवलं,
कपाळावरचे केस बाजूला केले
आणि पुन्हा सांगितलं, तितक्याच हळू.

मी वायर गुंडाळत राहिलो. आधीच गुंडाळलेली होती.

अजूनही जातो. पोट आहे.
एखादा वक्ता कानाशी येऊन म्हणतो,
म्हेत्रे, आवाज वाढवा, लोक ऐकंनात.
वाढवतो. भाडं घेतलंय.
फक्त वाढवायच्या आधी भिंतीकडं बघून घेतो,
चिप्पा मामा उभे आहेत
का गेले.