तयार नाही

डॅशबोर्डवर पिवळा दिवा.
इंजिनाचं चित्र म्हणे, मला तर ती
लहान मुलानं काढलेली किटली वाटते.
आज अकरावा दिवस.
गाडी चालते, वळते, थांबते, कसली कुरकुर नाही.
पण दिवा पेटलेली गाडी लोरेनच्या केंद्रात पास होत नाही,
आणि ओहायोत गाडीची नोंदणी
मालकाच्या वाढदिवसाला संपते.
माझा गुरुवारी. बावन्न.

लायब्ररीतून स्कॅनर आणला, पुस्तकासारखा, सही करून.
पी शून्य चार चार दोन:
पेट्रोलच्या वाफेला कुठंतरी वाट फुटलीय.
केवढी? मिलिमीटरभर.
एवढ्याशा भोकावरून एवढा गवगवा!

आधी टाकीचं झाकण. सगळे तेच सांगतात.
नवं आणलं, चौदा डॉलर,
तीनदा टक् वाजेपर्यंत फिरवलं.
दोन दिवस दिवा गप्प. तिसऱ्या दिवशी किटली परत चुलीवर.

मग धूर करायचं ठरवलं.
रंगाचा रिकामा डबा, बेबी ऑइलनं भिजवलेली चिंधी,
डाग द्यायची इस्त्री, सायकलचा पंप.
डबा पार कुंपणापाशी, नळी लांबलचक,
शेजारचा टोबायस पंपावर. “हळू,” मी म्हटलं,
“फुगा फुगवायचा नाहीये, फुंकर घालायचीय.”
मी गाडीखाली, पाठीखाली पुठ्ठा,
नोव्हेंबरची थंडी पुठ्ठ्यातूनही बोलत होती.

आणि मागच्या आसावर, नळीच्या वळणाशी,
एक धागा वर चढला.
पांढरा, संथ, कुणाला न सांगता निघाल्यासारखा.

बोट लावलं. काळी टेप.
सात वेढे, शेवट तिरपा कापलेला.

गेझा टेप अशीच कापतो.
घसरगाडीचा दांडा, रेडिओची एरियल,
आईच्या चष्म्याची काडी, सगळीकडे हाच तिरपा शेवट.
दोन वर्षांपूर्वी त्यानंच मला ही गाडी विकली,
“एक खोट काढून दाखव, मार्गिट.”
आईला पोचवून महिना झाला नव्हता.
मग घराच्या किल्ल्यांवरून वाजलं,
आणि तेव्हापासून बोलणं बंद.

म्हणजे त्याला ठाऊक होतं.
झाकली मूठ सव्वा लाखाची, तो म्हणाला असता;
धुराला असली भीड नसते.
खूप वेळ तशीच पडून राहिले.
टोबायसनं विचारलं, “सापडलं का?”
मी म्हटलं, “सापडलं.”

दोन फूट नळी, दोन क्लॅम्प, नऊ डॉलर.
वीस मिनिटांचं काम.

दिवा पुसणं सोपं, एक बटण.
पण पुसलं की गाडी सगळंच विसरते,
आणि केंद्रातलं यंत्र नुसता दिवा बघत नाही,
विचारतं, गाडीनं स्वतःला तपासलं का?
त्यासाठी रात्रभर गार व्हायला हवी,
टाकी भरलेली नको, रिकामी नको,
मग ठरलेला वेग, मग पाय काढून घ्यायचा
आणि ब्रेक न लावता वेग आपोआप उतरू द्यायचा.

बुधवारी पहाटे पाच. शाळेची बस सातला काढायची होती.
रस्ता नंबर सहा, डाव्या हाताला
तळं, दिसत नव्हतं, नुसता गार वास.
व्हर्मिलियनच्या अलीकडे पाय काढला
आणि गाडी आपल्या आपण मंद होत गेली,
पन्नास, चाळीस, तीस,
त्याच्या घरापर्यंत.

हा उतार मी मुद्दाम निवडला नव्हता.
निवडला असेन.

गॅरेजमध्ये उजेड. तो वाकून काहीतरी गुंडाळत होता.
वर बघितलं. हात उचलला, की नुसतं नाक पुसलं?
ब्रेक लावायचा नाही हा नियम.
मी नियम पाळला.
बाहीला चिकटलेली काळी टेप
पुढच्या सिग्नलला दिसली.

पेट्रोल पंपावर स्कॅनर लावला.
सात तपासण्या तयार.
आठवी, वाफेची: तयार नाही.

गुरुवारी केंद्रातल्या माणसानं कागद फाडून हातात दिला.
“एक राहिलेली चालते,” तो म्हणाला, “तेवढी सूट आहे,
पुढच्या खेपेपर्यंत होईल तयार, चालवत राहा.”
मग परवान्यावरची तारीख बघितली आणि
“अरे, आजच की,” म्हणाला.