गंगावेस ते सी.पी.आर.

दर गुरुवारी नऊला सरनाईक सर रिक्षात बसतात.
आधी काठी आत येते, मग सर.
काचबिंदूनं नजर नेली त्याला एकवीस वर्षं झाली,
तरी पापाची तिकटी आली की विचारतात,
"केरबा, थेटरवर नवं पोस्टर लागलंय का रे?"

थेटर कधीच पाडलं.
तिथं मोबाईलची कव्हरं लोंबत असतात.
मी म्हणतो, "लागलंय, सर."
"बाई कशात आहे?"
"निळ्या साडीत."

चित्रकला शिकवायचे सर.
एकदा रंकाळ्यावर रिक्षा थांबवायला लावली.
"इंजिन बंद कर. डोळे मीट. संध्यामठ दिसतो?"
"नाही."
"पाणी तरी?"
"नाही, सर. टायर आतनं असतो बघा, तसं."
सर गप्प बसले.
मी म्हटलं, "सगळ्यांचं असंच असतंय की."
"नाही रे. लोकांना दिसतं."

त्रेचाळीस वर्षं मला वाटत होतं,
'डोळ्यासमोर येतं' ही नुसती बोलायची रीत आहे,
जसे पोटात कावळे ओरडतात.
कावळे कुठं असतात?

मग मी गिऱ्हाइकांना विचारत सुटलो.
कपिलतीर्थावरची भाजीवाली म्हणाली,
लिंबू आठवलं की आधी पिवळं दिसतं, मग तोंडाला पाणी सुटतं.
मला पाणी सुटतं. लिंबू येत नाही.
तालमीतला एक पोरगा, पाय प्लास्टरमध्ये,
म्हणाला, पडल्या पडल्या रोज वीस कुस्त्या धरतोय मामा,
ढाक लावली की समोरचा पडतो
आणि घाम मला येतो.
राजारामपुरीला सोडलेले एक डॉक्टर म्हणाले,
बघायला आणि आठवायला मेंदू बरीचशी एकच खोली वापरतो,
पाठीमागची.
तुमच्या खोलीत निरोप पोचत असणार,
दिवा तेवढा लागत नाही.
चाळीस झाले होते, पन्नास दिले.

मग मी गावभर फिरतो कसा?
नकाशा नाही माझ्यात.
वळण आलं की खांदा आधी झुकतो,
नाव मागनं आठवतं.

परवा पापाची तिकटी गेली, सरांनी काही विचारलं नाही.
सी.पी.आर.च्या गेटवर उतरताना म्हणाले,
"थेटर नाही हे ठाऊक आहे मला.
प्लास्टिकचा वास येतो तिथं.
पण मेंदू चित्र काढतोच. मी कशाला पुसू?
साडी मात्र तू चांगली नेसवलीस."

मालन जाऊन चार वर्षं झाली.
भिंतीवर फोटो आहे, दिवा घालवला की तोही जातो.
चेहरा आणायला बसलो तर नुसता टायर.
काल रात्री उठलो, दाराशी उभा राहिलो,
हात पुढं केला
तर तो एका उंचीवर आपोआप थांबला.
दोन बोटं वर नेला, चुकला.
दोन बोटं खाली, चुकला.
तिथंच.
कुंकू पुसटलं तर नीट करायचो मी,
त्या उंचीवर.