दोन बिलं

पहिल्या एसटीत दोन अर्धी तिकिटं.
ही बाईमाणूस म्हणून अर्धी,
मी पासष्ट उलटलेला म्हणून अर्धा.
दोघं मिळून एक पूर्ण प्रवासी
निवतीहून कुडाळला निघतो,
आपल्याच दुकानासाठी
दुसऱ्याच्या दुकानातून माल आणायला.

बाजारातला घाऊकवाला, तीन पिढ्यांचा,
गोडेतेलाची पिशवी एकशे बेचाळीसला देतो.
हायवेवरचा हा पत्र्याचा डोंगर
एकशे एकतीसला.
कसं परवडतं त्याला, हे मी आता विचारत नाही.
फक्त घरून गोणपाट घडी करून आणतो,
कारण कापडी पिशवीचे ते बारा रुपये लावतात.

आत गारठा. ही पदर कानांवरून घेते.
पंचेचाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेला मी
त्यांनी माल कसा रचलाय ते बघतो :
महाग ते डोळ्यांसमोर,
स्वस्त ते पायाशी.
वाचवायचं तर वाकावं लागतं.
मोठा पुडा म्हणजे स्वस्त, असंही नसतं;
मागे मुंगीएवढ्या अक्षरात वजन असतं ते वाचायचं,
भागाकार तोंडी करायचा,
आणि एकावर एक फुकट दिसलं
की आधी त्या फुकटाची तारीख बघायची.
बिस्किटांना उरलेत बारा दिवस.
निवतीत एवढी खपायला महिना लागेल.
ठेवली परत.

तेल एका बिलावर तीनच, असा फलक आहे.
म्हणून तांदळाच्या राशीपाशी आम्ही वेगळे होतो.
ही चार नंबरला, मी सातला.
ओळख दाखवायची नाही.
मधल्या रांगांवरून मी तिला बघतो,
परक्या बाईला बघावं तसं, चोरून.
केस बरेच पिकलेत.
गाडी ढकलताना डावा पाय जपून टाकते.
हे कधी दिसलं नव्हतं.
दुकानात ती तराजूमागे उभी असते.

आणि माझ्यापुढे, पाठमोरा, आबा कोयंडे.
माझ्या वहीत पान सत्तावीस,
तेराशे चाळीस, गणपतीपासूनचे.
त्याच्या गाडीत साखर, साबण, तेल,
मुठीत पाचशेच्या नोटा, घडी न मोडलेल्या.
मी साबुदाण्याची पिशवी उचलून वाचायला लागलो.
त्यानेही वळून पाहिलं,
मग छताकडे, मग परत माझ्याकडे.
दोन चोर एकाच माडावर भेटावेत
तसे आम्ही.

"तायशेटेनू," माझ्या गोणपाटाकडे बघत तो म्हणाला,
"माका तेलाच्यो दोनच पिशये होये.
तुमची एक माझ्या बिलार घेतंय. चलात?"

अकरा रुपये मनात मोजले.
तेराशे चाळीस गिळले.
"चलात," म्हटलं.
पिशवीचे एकशे एकतीस मात्र
त्याने तिथेच मागून घेतले,
सुट्टे.

बिलाच्या तळाशी छापून आलं :
आज आपली बचत, रुपये दोनशे चौदा.
हिच्या बिलावर एकशे नव्वद.
परतीच्या एसटीत दोन्ही कागद मांडीवर पसरून
ही म्हणाली, "इतकी बचत झाली,
तर ती आहे कुठे?"
बाहेर पाटचं तळं आलं आणि गेलं.
मी गोण पायांत घट्ट धरली.

दिवेलागणीला आबा दुकानात आला.
काडेपेटी, अर्धा किलो कांदे.
सकाळचं काही तो बोलला नाही,
मीही नाही.
"लिवन ठेवा," म्हणाला.
मी पान सत्तावीस उघडलं.

आत ही बसली होती
पिशव्यांवरचं त्यांचं लाल लेबल काढत.
नखाने निघत नाही ते,
बोटाला थोडं खोबरेल लावावं लागतं.
ते आम्ही हिशोबात धरत नाही.