मागच्या खोलीवर

पहाटे साडेचारला तो आला, एउसेबिओ तारांगो,
खांद्यावर शिडी, कपाळाला दिवा.
"नऊनंतर वर माणसाचं काम नाही, बाई.
युमाचा जून. बाहेर सेहेचाळीस,
तर पोटमाळ्यावर पासष्ट."
कॉफी नको म्हणाला. मग दोन कप प्याला.

आदल्या आठवड्यात टेबलावर त्याने नमुने मांडले होते,
दाताच्या डॉक्टरासारखे, फडक्यावर, ओळीने.
गुलाबी काचलोकर, उघड्या हाताने शिवायची नाही.
राखाडी लगदा, जुन्या वर्तमानपत्रांचा,
आगीला नि किड्यांना नावडावा म्हणून बोरॅक्स लावलेला.
फुगून दगड होणारा फेस,
त्याचा भाव ऐकून मी नुसतं "हं" म्हटलं.
आणि चंदेरी वर्ख.
त्यात माझं तोंड लांबुडकं दिसलं.

"हा ऊन परतवतो," तो म्हणाला. "बाकीचे नुसता उशीर करतात.
ऊन उतरायचं ते उतरणारच.
तुम्ही जेवताना उतरावं, की तुम्हाला झोप लागल्यावर,
एवढंच आपल्या हातात."

मी एकतीस वर्षं लेट्यूसच्या शीतगृहाचे हिशेब लिहिले.
इतका खरा विक्रेता पाहिला नव्हता.

मग वर पावलं. तुळईवरून तुळईवर.
मी खालून मोजत होते: स्वयंपाकघर, न्हाणीघर, आमची खोली.
मागच्या खोलीवर थांबली.
बराच वेळ थांबली.

उतरून त्याने फोनमधला फोटो दाखवला.
सगळ्या घरावर वेंडेलने अंथरलेली लोकर,
एकोणऐंशी सालची, दबलेली, उंदरांनी थोडी नेलेली,
पण आहे.
आणि मागच्या खोलीवर
नुसता छताचा बोर्ड. एक रिकामी पिशवी,
नीट घडी घातलेली, तिच्यावर हातोडा.

पिशव्या संपल्या असतील त्या शनिवारी.
सोमवारी आणू, म्हणाला असेल.
वेंडेलच्या सोमवारांचं एक वेगळं गाव वसलं असतं.

ती लायलची खोली.
नऊ वर्षांचा होता, बारा, पंधरा,
उशी काखेत धरून बाहेर फरशीवर येऊन निजायचा.
"माझ्या खोलीत उकडतं."
"सगळ्यांनाच उकडतं," वेंडेल म्हणायचा.
आणि मी,
शीतगृहाच्या कप्प्याकप्प्याचं तापमान वहीत मांडणारी,
म्हणायचे, "नाटकं पुरे."
एकदाही थर्मामीटर घेऊन त्या खोलीत गेले नाही.
अठराव्या वर्षी तो डुलुथला गेला,
जिथे सरोवरावर बर्फाची साय धरते,
आणि उन्हाळ्यात पुन्हा म्हणून आला नाही.

"मग काय ठरलं?" एउसेबिओ विचारत होता.
म्हटलं, आधी फटी बुजवा,
दिव्यांभोवतीच्या, पाइपांभोवतीच्या, सगळ्या.
वळचणीचे झरोके मोकळे राहू देत, माळ्याला श्वास हवा.
वर्ख वाशांच्या पोटाला, चकाकी खाली करून,
तुम्हीच म्हणालात, धूळ बसली की तो आंधळा होतो.
आणि लगदा. वीतभर, वर चार बोटं.
"आणि सुरुवात मागून करा."
"पाइप तर पुढच्या दारातून..."
"मागून."

डुलुथला फोन लावला.
"लायल, तुझ्या खोलीवर काहीच नव्हतं."
तिकडे भांडी विसळत होता, पाणी बंद झालं.
"कशावर?"
"छताच्या वर. तुझ्या बाबांनी तेवढीच सोडली होती."
तो हसला की खोकला, कळलं नाही.
मग म्हणाला, "किती घेतोय तो माणूस?"
मी आकडा सांगितला.
"जास्त नाही," म्हणाला.

अंगणात यंत्र सुरू झालं,
वर कागद उतरू लागला, कुणाकुणाच्या शिळ्या बातम्या,
निकाल, मयतांची नावं, गाद्यांचे सेल.
लायल काही बोलत नव्हता, फोनही ठेवत नव्हता.
मी खुर्चीवर चढले, या वयात,
आणि फोन त्याच्या छताला लावून धरला.