बोतोनचं बिऱ्हाड

टाकी आली दाताच्या डॉक्टरकडून.
दवाखाना बंद पडला, खुर्च्या विकल्या गेल्या,
ही मात्र कुणी घेईना: दीडशे लिटरची,
एका कोपऱ्यात टवका उडालेली.
ओक्तावियोने बटाट्याच्या गाडीतून आणली,
पोत्यांच्या मधोमध, बाळंतिणीसारखी जपत.

मी कारखान्यात सॅल्मनचे काटे उपसते.
चिमटा, काटा, चिमटा, काटा,
पट्ट्यावरून एक मासा जातो, पुढचा येतो.
मोजायला यंत्र आहे. मी मोजत नाही.
घरी आल्यावर हातांना लिंबू चोळते,
तरी बोतोन काचेजवळ येतो.
त्याला वास कळत असेल का,
हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

बोतोन म्हणजे गुंडी.
अलिरोने नाव ठेवलं तेव्हा होताही गुंडीएवढाच.
आता मुठीएवढा झालाय,
जुन्या टाकीत वळायचं तर शेपूट दुमडावं लागतं.

"ओत की सरळ," ओक्तावियो म्हणाला.
सरळ ओतून कसं चालेल?
नळाच्या पाण्यातलं औषध आधी उतरावं लागतं.
तीन आठवडे मी नुसतं पाणी फिरवत ठेवलं,
नोल्फा शेजारीण हसायची, रिकामी टाकी बघत बसतेस म्हणून.
रिकामी कुठे होती?
जुन्या टाकीतला काळपट स्पंज अर्धा कापून
त्यात सोडला होता, दुधाला विरजण लावावं तसा.
पाण्यालाही लागायला वेळ लागतो.

आजोबा एलेउतेरियोंचं घर
एकदा समुद्रावरून गेलं.
खरंच. चिलोएत घर हलवायचं म्हणजे घरच हलवतात:
खांबांवरून उतरवायचं, खाली ओंडके, पुढे बैल,
भरतीला पाण्यात लोटायचं, होडीने ओढायचं.
गावकरी पैसे घेत नाहीत. पोटभर जेवतात.
याला मिंगा म्हणतात.
आई सांगते, फळीवरचा एक कपसुद्धा फुटला नाही.
पण पलीकडे पोचल्यावर आजीला दोन आठवडे झोप नव्हती.
भिंती त्याच, चूल तीच,
समुद्र तेवढा दुसऱ्या कानाला ऐकू यायचा.

म्हणून रविवारी मी आधी दिवे मालवले.
जाळी नको म्हटलं, वाडग्यानेच उचलला,
पिशवीत घेऊन पिशवी टाकीत तरंगत ठेवली.
वीस मिनिटं. मग नव्या पाण्याचा अर्धा कप.
थांबायचं. परत अर्धा कप.
अलिरो घड्याळ धरून, नोल्फा टॉवेल धरून,
ओक्तावियो काही न धरता उगीच वाकलेला.
बाहेर पाऊस वाकड्या रेषेत पडत होता,
आमच्याकडे तो वर्षभर तसाच पडतो.

पिशवी आडवी केली.
तो निघेना.
पाणी एक झालं होतं, मधे काही उरलं नव्हतं,
तरी तो तिथेच, नसलेल्या काचेला नाक लावून.
"ढकल जरा," अलिरो कुजबुजला.
मी नाही ढकललं.
मग तो शेपटीकडून निघाला, मागे मागे,
आणि थेट तळाशी दगडाआड गेला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
जुनं पाणी मी बादलीने परसात ओतलं, लसणाच्या वाफ्यात.

सगळ्यांना उकडलेले बटाटे वाढले, गरम चापालेले, वर मध.
मिंगा ती मिंगा, लहान असली म्हणून काय झालं.
ताटात मासा नव्हता.
ते कुणाच्या लक्षात आलं असेल,
पण कुणी बोललं नाही.

पहाटे पाचला उठले, सहाची पाळी.
तो कोपऱ्यात होता, टवक्याच्या बाजूला.
पहिल्या दिवशी खायला घालू नये म्हणतात,
मी रात्री दोन दाणे टाकलेच होते.
दोन्ही तसेच पडलेले.
आजीला दोन आठवडे लागले, मी स्वतःला सांगितलं,
खिशात चिमटा आहे का ते चाचपलं,
आणि दिवा न लावताच
दार हळू ओढून घेतलं.